आवाज थांबला, दाब थांबला नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा मनगटाला पट्टी बांधून घरी आला. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत तो ओतीव भाग साफ करतो. दाबाखालच्या हवेबरोबर टोकदार कण वेगाने फेकून लोखंडावरचा पापुद्रा उडवावयाचा, असे ते काम. त्याला अजून सारे ‘सँडब्लास्टिंग’च म्हणतात, जरी टाकीत पुष्कळदा वाळूऐवजी पोलादी कण असतात. (वाळूची बारीक धूळ फुप्फुसांचा घास घेते, ब्रिटनने अशा सफाईत वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनी मनाई केली.)

त्या दिवशी हवेतील ओलाव्याने कणांच्या गुठळ्या झाल्या आणि नोझल चोंदले. त्याने हातातली मूठ सोडली. आवाज थांबला. तो नोझल फिरवून काढू लागला, तोच नळीत कोंडलेली हवा कणांसकट मनगटावर आदळली. शिरस्त्राण डोक्यावर होते म्हणून डोळे वाचले.

आमच्या वाचकभगिनींना यातले मर्म वेगळे सांगावयास नको. गॅस बंद केला म्हणून कुकरचे झाकण कोणी लगेच उघडीत नाही. कुकरमध्ये दाब असतो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम; या टाकीत बहुधा ७. म्हणजे १० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर आतून सुमारे साडेपाचशे किलोंचा रेटा!

खरा घोटाळा पुढेच आहे. काही यंत्रांत मूठ सोडताच टाकीतली हवाही बाहेर निघून जाते. काहींत नळीतला प्रवाह तेवढा थांबतो आणि टाकी भरलेलीच राहते. बाहेरून दोन्ही सारखीच गप्प. आपल्या हाती कोणते यंत्र आहे, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. या मुलाला ते कोणी सांगितले नव्हते.

काम संपविताना कणांचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा आणि निव्वळ हवा सोडून नळी रिकामी होऊ द्यावी. मग मूठ सोडावी, कॉम्प्रेसरकडून येणारी हवा तोडावी आणि टाकीचा हवा सोडण्याचा कॉक पूर्ण उघडावा. गेजचा काटा शून्यावर आला तरी तेवढ्यावर विसंबू नये, काटा अडकतो. कॉकमधला फुसफुसाट संपला की नाही, ते कान देऊन ऐकावे, आणि कॉक उघडाच ठेवावा. नोझल चोंदलेले असेल तर मात्र नळी आपोआप रिकामी होत नाही. टाकीची हवा सोडल्यावरही अडथळ्यामागे दाब उरला असेल असेच धरून चालावे, तोंड कोणाच्याही अंगाकडे नसावे, आणि जोड सोडण्याचे काम अनुभवी मिस्त्रीनेच करावे. धूळ खाली बसेपर्यंत शिरस्त्राण डोक्यावरच राहू द्यावे.

मुलगा पंधरवड्याने कामावर परतला. आपल्या टाकीची हवा मूठ सोडल्यावर जाते की राहते, हे त्याने आता मिस्त्रीला विचारून घेतले आहे. राहते.