आधीचं माप कुठे आहे?

"सर्व्हर स्लो झालाय" म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असतो, आधी किती होता? आधीचा आकडा नसेल तर पुढची चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा.

हाताच्या सुजेबद्दल मात्र हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतले लिम्फ नोड्स काढले किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातल्या लसीकेचा निचरा अडू शकतो आणि हात सुजतो. हाच लिम्फेडीमा. काही महिन्यांनी येतो, कधी काही वर्षांनीही. सुरुवातीची सूज हात उंच ठेवला की उतरते. दुर्लक्ष झालं तर आत चरबी आणि तंतू साठतात, मग ती सहजी उतरत नाही. म्हणजे सगळी मेख लवकर पकडण्यात आहे.

मोजायला इन्फ्रारेडवाली महागडी यंत्रं आहेत, पाण्यात हात बुडवून सांडलेलं पाणी मोजायची आर्किमिडीज पद्धतही आहे. पण शिंप्याची टेप पुरते. मनगटापासून वर दर 4 सेंमीवर दोन्ही हातांचा घेर घ्यायचा. दोन घेरांमधला तुकडा म्हणजे टोक कापलेला शंकू. घनफळाचं सूत्र शाळेतलंच, बेरीज एक्सेल करतं.

आता गोम. "दोन हातांत 2 सेंमीचा फरक म्हणजे सूज" हा निकष बराच वापरतात. पण 20 सेंमी घेराच्या हातावर 2 सेंमी वाढले तर घनफळ 21 टक्के वाढतं, 35 सेंमीच्या हातावर जेमतेम 12. म्हणजे बारीक हाताची बरीच सूज या नियमातून निसटते. शिवाय कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो. आधीचं माप नसेल तर त्यातली सूज किती, कोण सांगणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ऑपरेशनच्या आधी दोन्ही हात मोजा. रक्तगटासारखं हेही फाईलमध्ये असू दे. नंतर दर तीन महिन्यांनी, त्याच अंतरांवर, टेप तेवढीच ताणून, शक्यतो त्याच माणसाने मोजा. वजनही लिहा, ते वाढलं की दोन्ही हात वाढतात.

पेशंटला आधीच काय कमी टेन्शन आहे, असं कोणी म्हणेल. मान्य. पण आपल्याकडे सूज कळते कधी? बांगडी चढेनाशी होते, ब्लाऊजची बाही दंडात रुतते तेव्हा. तरीही बऱ्याच जणी गप्प बसतात. जीव वाचला, आता हाताचं काय रडत बसू! अशा वेळी वहीतला आकडा त्यांच्या बाजूने बोलतो.

तर मंडळी, घरात कोणाच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आजच टेप काढा. दहा मिनिटांचं काम आहे.