स्टेशनबाहेरचा बाजार का रखडतो?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांचा मध्य कुठे, असे कोणालाही विचारा. उत्तर येते, स्टेशन. मॉल महामार्गाच्या कडेला गेले, नवी संकुले घोडबंदर आणि शिळफाट्याकडे सरकली, तरी भाजी, फुले, मासळी, शाळेचे बूट आणि सणाचे साहित्य यांसाठी लोक अजून स्टेशनबाहेरच येतात. याच भागासाठी दर काही वर्षांनी नवी घोषणा होते. कधी मंडईची बहुमजली इमारत, कधी वाहनतळासह व्यापारी संकुल, कधी फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र जागा. भूमिपूजन होते, पत्रे ठोकले जातात, जुने गाळे रिकामे होतात. पुढे ठेकेदार बदलतो किंवा प्रकरण न्यायालयात जाते, आणि लोक त्या पत्र्यांना वळसा घालून रस्त्यावरच भाजी घेत राहतात. नागरिकांचा संताप आता एखाद्या इमारतीपुरता उरलेला नाही. आधी पाडायचे आणि पुढचे मग ठरवायचे, या उलट्या क्रमावर तो आहे, आणि तो रास्त आहे.

सत्तेच्या निर्णयाने बाजार अडणे या भागाला नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. एका राजाच्या काळात ते व्यापाराला खुले होते, पुढच्या सत्तेने अडथळे आणले आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात नोंदवले आहे. बंदर तेच होते, खाडी तीच होती, पण राज्यकर्त्यांच्या भांडणात व्यापार दुसरीकडे वळला. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. ज्या गावाचा बाजार दूरच्या लेण्यांना दान देण्याइतका संपन्न होता, त्या गावाची मंडई आज निविदेच्या फाइलीत अडकते, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

आजचा बाजार मात्र रेल्वेने घडवला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, रूळ कल्याणपर्यंत गेले. तोवर ठाण्याचा व्यवहार खाडीच्या अंगाने होता, चेंदणी, महागिरी, खारकर आळी, जांभळी नाका असा. कल्याणचा होता पारनाका, टिळक चौक आणि बाजारपेठेभोवती. रेल्वे आल्यावर दुकाने हळूहळू स्टेशनकडे सरकली. कोणी नोटीस दिली नाही, कोणी पुनर्वसनाची योजना आखली नाही. माणसांची पावले जिकडे वळली तिकडे पुढच्या दोन पिढ्यांत दुकाने गेली. डोंबिवलीत तर वेगळा जुना बाजार असा नव्हताच. तिथे स्टेशन आणि बाजार एकत्रच वाढले. फडके रोड, नेहरू रोड, उर्सेकरवाडी ही नावे नोकरदारांच्या घरच्या वाटेची आहेत, आणि त्या वाटेवरच बाजार बसला.

ही वाट समजून घेतल्याशिवाय तिथे काहीही बांधता येणार नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास डोंबिवली पूर्वेला जिन्यावरून उतरणारी बाई पाहा. एका खांद्यावर पर्स, हातात डबा. जिन्याच्या पायथ्यापासून रिक्षाच्या रांगेपर्यंतच्या वाटेत ती मेथीची जुडी, पाव किलो भेंडी आणि कोथिंबीर घेते. भाव विचारते, जुडी उलटी करून मुळाकडची माती पाहते, सुटे पैसे देते आणि चालू लागते. थांबणे म्हणावे तर मिनिटभराचेच. तेवढ्यात पुढून ‘गाडी आली, गाडी आली’ अशी हाक येते. भाजीवाली ताडपत्रीची चारही टोके एका झटक्यात धरते आणि मालासकट गल्लीत शिरते. पालिकेची गाडी निघून गेली की ताडपत्री पुन्हा त्याच जागी. या बाईला पहिल्या मजल्यावर गाळा दिला, तर तिचे गिऱ्हाईक जिना चढून वर येणार नाही. आधीच दोन जिने चढून-उतरून ते आले आहे. वरच्या मजल्यावरचे गाळे ओस पडतात आणि खालचा रस्ता पुन्हा भरतो, त्यात विक्रेत्यांचा हट्ट शोधण्यात अर्थ नाही. नकाशा काढणाऱ्याने चालणाऱ्याकडे पाहिलेलेच नसते.

ठाणे महापालिका 1982 साली झाली, कल्याण-डोंबिवली 1983 साली. दोन्हीकडे विकास आराखड्यांत मंडईसाठी भूखंड राखले गेले. आरक्षण म्हणजे कागदावरचे वचन. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम 127 त्या वचनाला मुदत घालते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. 2015 च्या दुरुस्तीनंतर पालिकेला त्यापुढे 24 महिने मिळतात. तेवढ्यात संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप उठते. म्हणजे भूखंड वाचवायला नुसती घोषणा पुरत नाही, तिजोरीत पैसा लागतो. तो नसतो म्हणून ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ ही पद्धत आली. विकासकाने बांधायचे, काही वर्षे उत्पन्न घ्यायचे, मग पालिकेकडे द्यायचे. कल्याण-डोंबिवलीत या पद्धतीने काढलेली बरीच कामे रखडली. कल्याणच्या लाल चौकीजवळ आर्ट गॅलरीसाठी राखलेल्या जागेवरची वास्तू लोकांना खऱ्या अर्थाने कळली ती 2020 मध्ये, करोनाच्या लाटेत तिथे उपचार केंद्र उघडले तेव्हा. डोंबिवली पश्चिमेला विष्णुनगरच्या मासळी बाजाराच्या नव्या इमारतीची वाट तिथल्या विक्रेत्या बायका वर्षानुवर्षे पाहत आल्या आहेत. मासळी विकणाऱ्या बाईला वाट पाहणे परवडत नाही. बर्फाची लादी दुपारपर्यंत वितळते. पाणी, मोरी आणि सावली नसलेल्या जागी बसवले, तर तिचा त्या दिवसाचा माल त्याच दिवशी वाया जातो.

खासगी मॉल वेळेत उभा राहतो आणि मंडई का नाही, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. ठाण्यात कोरम आणि विवियाना लोकांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. तिथे जमीन सलग असते, ती एका हातात असते, आणि आधी कोणी बसलेले नसते. जुन्या पेठेत एकाच इमारतीत मालक वेगळा, पागडीचा भाडेकरू वेगळा, आणि ओट्यावर बसणारा तिसराच. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या देवाणघेवाणीला मान्यता दिली, त्यामुळे जुन्या दुकानदाराचा हक्क पक्का झाला. ते योग्यच झाले. पण ओट्यावरच्या माणसाचा हक्क कोणत्याच कागदावर नाही. पुनर्विकासाच्या वाटाघाटीत मालक आणि विकासक चटई क्षेत्रावर बोलतात, भाडेकरू भरपाईवर बोलतो, आणि ज्याच्यामुळे गिऱ्हाईक तिथे येते तो बैठकीलाच नसतो. त्यात बेकायदा बांधकामांची भर पडते. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या अग्यार समितीने कल्याण-डोंबिवलीत 67 हजारांहून अधिक बेकायदा बांधकामे मोजली. ज्या इमारतीला मुळात परवानगीच नाही, तिच्या तळमजल्यावरच्या दुकानदाराने पुनर्विकासात कोणत्या आधारावर हक्क सांगायचा?

मंडईच्या खर्चावरून वाद घालणे ही आपली जुनी आणि चांगली परंपरा आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतिराव फुले यांनी भव्य मंडई बांधण्यास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडई झालीच, 1886 मध्ये रे मार्केट या नावाने उघडली, आणि पुढे तिला फुले यांचेच नाव मिळाले. त्या सभेत एका सदस्याने उभे राहून खर्च कोणासाठी, असे विचारले होते, हे मला फार मोलाचे वाटते. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि ठाण्याची मार्च 2022 मध्ये. त्यानंतर कारभार प्रशासकांकडे गेला. निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावे लागले. म्हणजे ज्या वर्षांत स्मार्ट सिटीच्या नावाने स्टेशन परिसर खणला गेला, त्या वर्षांत प्रश्न विचारायला सभागृहात निवडून आलेले कोणी नव्हते. ही हानी कोणत्याही रखडलेल्या इमारतीहून मोठी आहे.

आधी पाडायचे आणि मग ठरवायचे, हे इतरत्रही घडले आहे. पॅरिसचा मध्यवर्ती बाजार, ले आल, 1969 मध्ये शहराबाहेर रुंजीसला हलवला गेला. जुने लोखंडी मंडप 1971 पासून पाडले आणि तिथे काय करायचे यावर वाद सुरू राहिला. मधली वर्षे शहराच्या पोटात एक प्रचंड खड्डा होता. नवे संकुल 1979 मध्ये उघडले, पण जुना बाजार परत आला नाही. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनचा घाऊक बाजार 1974 मध्ये गेला, मात्र रहिवाशांनी आंदोलन करून सरसकट पाडापाडी रोखली आणि जुनी इमारत 1980 मध्ये पुन्हा उघडली. आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. मुंबईचा घाऊक कांदा-बटाटा बाजार 1981 मध्ये आणि भाजी-फळांचा 1996 मध्ये वाशीला गेला. व्यापाऱ्यांनी विरोध केला, त्रासही झाला. तरी तो बाजार तिथे रुजला, कारण गाळे आधी बांधले गेले आणि एका धंद्याचे सगळे व्यापारी एकत्र गेले. निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे असा घोळ झाला असता, तर तोही मोडला असता.

ठाण्याला धडाक्याचाही अनुभव आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी रस्ते रुंद केले, दुकानांचे पुढचे भाग पाडले, आणि ठाणेकरांनी त्यांना दाद दिली. तेव्हा झालेले काम लोकांना दिसले, म्हणून त्यांनी नुकसानही सोसले. पण रुंद झालेल्या रस्त्यावर पुढे कोण बसेल, याचे उत्तर तेव्हा दिले गेले नाही, आणि ते अजूनही दिलेले नाही. 2014 च्या फेरीवाला कायद्याने सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावण्याची तरतूद केली. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीनंतर, नोव्हेंबर 2017 मध्ये, उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असे स्पष्ट केले. चालणाऱ्याचा जीव आधी, हे कोणीही मान्य करील. मात्र 151 व्या मीटरवर काय आहे, हे सांगणे पालिकेचे काम होते. तिथे मंडई हवी होती. बहुतेक ठिकाणी पत्रे आहेत.

म्हणून मागणी साधी आणि तपासता येईल अशी असावी. जुना बाजार पाडण्याआधी पर्यायी जागा पाण्या-विजेसह सुरू झालेली हवी, आणि ती घरी चालत जाणाऱ्यांच्या वाटेवर हवी. नव्या इमारतीचा तळमजला रोज विकणाऱ्यांसाठी राखावा, वरचे मजले कार्यालयांना द्यावेत. कोणाला कोणता गाळा मिळणार ती यादी पाडकामापूर्वी प्रसिद्ध व्हावी आणि पत्र्यांवर लावावी. त्याच पत्र्यांवर ठेकेदाराचे नाव आणि काम संपण्याची तारीख असावी, आणि तारीख टळली तर दंड किती वसूल झाला, तेही लिहावे. दुसरे काम नागरिकांचे. ठाण्याचा विकास आराखडा 1999 साली मंजूर झाला आणि सुधारित प्रारूप आले 2024 मध्ये. या पंचवीस वर्षांत मंडईची किती आरक्षणे ताब्यात आली, किती कलम 127 खाली उठली आणि त्या भूखंडांवर आज काय उभे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. कल्याण-डोंबिवलीतही तेच विचारता येईल. प्रत्येक प्रभागातल्या रहिवाशांनी आणि व्यापारी संघांनी मिळून हा अर्ज करावा आणि आलेले उत्तर आपल्या नगरसेवकाकडून सभागृहात, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने, वाचून घ्यावे.