थ्रेड : सोनचाफ्याच्या नावात कोण आहे आणि कोण नाही?

अ‍ॅमस्टरडॅम, 1678. ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध होतो. त्याच्या आरंभी एक निवेदन चक्क नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेले आहे. कोचीनच्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी 1675 मध्ये दिलेली ती साक्ष होय.

ग्रंथ नावाने हेंड्रिक व्हान रीड या डच अधिकाऱ्याचा. 1693 पर्यंत त्याचे बारा खंड निघाले, 740 हून अधिक वनस्पती नोंदल्या गेल्या. मात्र मलबारातील झाडांची नावे व गुण सांगणारा मुख्य जाणकार होता इट्टी अच्युतन हा एझवा समाजातील वैद्य. त्याचीही साक्ष ग्रंथात आहे.

ही नावे पाहण्यासारखी आहेत. तेरड्याच्या कुळातील झुडपे तेथे ‘ओनप्पू’, ‘चेरिय ओनप्पू’, ‘वळ्ळि ओनप्पू’ अशी येतात; चेरिय म्हणजे लहान, वळ्ळि म्हणजे वेल. मूळ नाम एक, भेद दाखवणारे विशेषण वेगळे.

1753 मध्ये लिनियसने ‘स्पेसिज प्लांटारम’मध्ये प्रत्येक वनस्पतीस दोन पदांचे नाव दिले : पहिले प्रजातीचे, दुसरे जातीचे. म्हणून द्विनाम पद्धती मलबारातून चोरली, असा दावा करणे उतावीळपणाचे ठरेल (समाजमाध्यमांवर तो होईलच). सर्व देशांना चालेल अशी एकच शिस्त लावणे, हे लिनियसचेच श्रेय.

परंतु तो भारतात कधीच आला नाही. येथील कित्येक जाती त्याने व्हान रीडच्या ग्रंथातील चित्रे व वर्णने पाहूनच नोंदल्या. त्यातच प्रजातीचे नाव ग्रीक वा लॅटिन मुळाचे हवे, अन्य भाषांतली नावे ‘रानटी’, असा दंडक त्याने 1737 मध्येच घालून ठेवला होता. त्यामुळे सोनचाफा झाला ‘मिकेलिया चंपाका’. पहिले पद फ्लॉरेन्सच्या मिकेलीच्या सन्मानार्थ. चंपकाला जागा मिळाली दुसऱ्या पदात. आज ती प्रजाती ‘मॅग्नोलिया’त गणली जाते, म्हणजे इटालियन जाऊन फ्रेंच मॅग्नोल आला. चंपक आहे तेथेच आहे.

व्हान रीडच्या नावे लिनियसने ‘रीडिया’ प्रजाती केली. अच्युतनच्या नावे त्याने एकही केली नाही. तीन भटांच्याही नाही.

रीडियाही पुढे टिकली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती ‘गार्सिनिया’त, आपल्या कोकमाच्या प्रजातीत, विलीन केली.