घरच्या घरी ब-१२चे इंजेक्शन
ब-१२ हे जीवनसत्त्व तांबड्या रक्तपेशी आणि मज्जातंतू यांच्यासाठी आवश्यक असून ते मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते. जठरात तयार होणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाशिवाय त्याचे पुरेसे शोषण होत नाही. परनिशस अ‍ॅनिमियात हे प्रथिनच कमी पडते, म्हणून अशा रुग्णांना अनेकदा आयुष्यभर इंजेक्शने घ्यावी लागतात. ती स्वतः टोचायला शिकता येते. मात्र औषध, मात्रा आणि सुईची लांबी डॉक्टरांनी ठरवावी आणि सुरुवातीची इंजेक्शने परिचारिकेच्या देखरेखीखाली घ्यावीत. हे औषध सहसा स्नायूत देतात. स्वतःसाठी सोयीची जागा म्हणजे मांडीच्या मधल्या भागाची बाहेरची बाजू. हात साबणाने धुवावेत, अँप्यूलवरील नाव व मुदत तपासावी, लाल रंगाचे औषध सिरिंजमध्ये ओढून हवा काढून टाकावी. त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यावी. ओली राहिल्यास जास्त झोंबते. मांडी सैल सोडून सुई ९० अंशांच्या कोनात झटकन आत घालावी, दट्ट्या सावकाश दाबावा, सुई सरळ बाहेर काढावी आणि त्या जागी कापूस दाबून धरावा. दर वेळी मांडी बदलावी. वापरलेली सुई पुन्हा टोपण न लावता जाड, टणक डब्यात टाकावी आणि भरलेला डबा दवाखान्यात द्यावा. धाप लागणे, चेहरा सुजणे किंवा अंगभर पित्त उठणे ही गंभीर अ‍ॅलर्जीची लक्षणे असतात. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.