बहिष्कार सोपा, स्वदेशी कठीण

दिवाळी जवळ आली की स्वदेशीच्या घोषणांना भरती येते. चिनी दिव्यांच्या माळा नाकारण्याची आवाहने घरोघर पोहोचतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र त्याच घरांतून आप्तेष्टांकडे जाणारी भेट कोणती असते? चकचकीत वेष्टनातला डबा, नाहीतर साच्यातून हजारोंनी निघालेली शोभेची वस्तू! परक्याचा माल नाकारला, पण आपल्या कारागिराच्या पदरात काही पडले नाही. अशा स्वदेशीला अर्धवट म्हणावे नाही तर काय?

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका खादीच्या वेषात गेले होते. १९०५ मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. त्याच पर्वात अंताजी दामोदर काळे पैसा फंडासाठी गावोगाव हिंडत होते. त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. होळीला एक काडी पुरली. कारखान्याला असंख्य हातांचा पैसा लागला. आज आपण काडी उचलतो, पैसा विसरतो.

सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी आणि रंगीत फळे आजही हातांनी घडतात. तेथील दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पानांचा, हातांनी रंगवलेला संच. ही कला विझू नये म्हणून तेथील राजघराण्याने राजवाड्यातच कारागिरांना बसवले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये एका इटालियन कंपनीने मिलानमध्ये तिच्याच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा आपला स्वाभिमान खडबडून जागा झाला. संताप रास्तच होता. पण संतापलेल्यांपैकी कितीजणांनी त्या वर्षी कोल्हापुरी विकत घेतली?

‘हातची वस्तू महाग पडते,’ हा ठरलेला आक्षेप. मॉलमधील छापील किंमत निमूटपणे मोजणारा सुशिक्षित ग्राहक कारागिरासमोर बसला की पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. समरसतेवर व्याख्याने ऐकायची आणि चर्मकाराच्या, कुंभाराच्या, विणकराच्या श्रमाचे मोल मात्र पाडून मागायचे, ही विसंगती कार्यकर्त्यांनी तरी ओळखायला हवी. आपल्याच समारंभांत पाहुण्यांच्या हाती अ‍ॅक्रिलिकची स्मृतिचिन्हे दिली जातात, याचाही विचार व्हावा.

‘स्वदेशी’ नावाखाली वाटेल ते घ्यावे, असे मात्र नव्हे. यंत्रमागावरील नक्कल पैठणी म्हणून खपवली जाते. अस्सल हातमागाच्या पैठणीच्या काठपदराची उलटी बाजूही सुलट बाजूसारखीच रेखीव असते; मागे सुटे धागे लोंबत नाहीत. एवढी पारख ग्राहकाने शिकलीच पाहिजे. नकली माल घेणारा खऱ्या विणकराचाच घास हिरावतो.

कारागिराला दया नको, मागणी हवी. ती सणाच्या आदल्या दिवशी नव्हे, वेळेवर हवी. गणेशोत्सव आटोपताच, आगाऊ रक्कम देऊन. बापाचा हात रिकामा राहतो हे पाहणारा मुलगा त्या कामाला बसत नाही आणि एक पिढी उठून गेली की कला कोणत्याही अनुदानाने परतत नाही. यंदा भेटी थोड्या द्या, पण हातच्या द्या. सोबत ती घडवणाऱ्याचे नाव आणि गाव लिहा. बहिष्काराची प्रतिज्ञा तेव्हाच पुरी होईल.