हिंजवडीचा पाया आणि धाराशिवचा हक्क

हिंजवडीची संगणक-वसाहत ही खाजगी भांडवलाच्या कर्तबगारीची साक्ष म्हणून मिरविली जाते. इतिहास निराळे सांगतो. १९७८ साली आयबीएमने भारत सोडला तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. अमेरिकेने महासंगणक नाकारला, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. हिंजवडीची जमीन औद्योगिक विकास महामंडळाने संपादित केली. निर्यातीवरील करसवलत शासनाने दिली. संशोधनसंस्था, महाविद्यालये आणि कुशल माणसे एकत्र आली, एकीकडचे कसब दुसरीकडे जाऊ लागले, त्यातून नवनिर्मिती झाली. पाया मात्र जनतेच्या पैशाचा होता.

मग धाराशिवला त्यात वाटा का नसावा? नीती आयोगाने २०१८ मध्ये या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ ठरविले. येथे अभियांत्रिकी शिक्षण मिळते, विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. पण पदवी हाती पडताच तरुण पुण्याची वाट धरतो. शिक्षणाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याचा, कसबाचा लाभ महानगराचा!

असा उद्योग मोठ्या शहरातच रुजतो, हा आक्षेप अर्धसत्य आहे. नुसती इमारत आणि करमाफी यांनी वसाहत नांदत नाही, हे खरे. तिला पहिले काम लागते. पीकविमा, भूमिलेख, पाणीवाटप यांच्या संगणकीय कामाचा काही भाग शासनाने उपकेंद्राच्या साह्याने स्थानिक तरुणांच्या सहकारी संस्थांना द्यावा. ही दयेची याचना नव्हे, हक्काची मागणी आहे. कार्यकर्त्यांनी ती गावोगाव नेली पाहिजे.