निवडीचे स्वातंत्र्य की जोखमीचे ओझे?

म्हातारपणाच्या तरतुदीसाठी कोणता म्युच्युअल फंड घ्यावा, हा प्रश्न आज औद्योगिक वसाहतीतला फिटर, खाजगी रुग्णालयातली परिचारिका आणि पतपेढीतला कारकून सारख्याच काळजीने विचारीत आहेत. ‘म्युच्युअल फंड सही है’ ही घोषणा २०१७ पासून त्यांच्या कानीकपाळी ओरडली जात आहे. परंतु हा प्रश्न मुळात त्यांच्या वाट्याला का आला, याविषयी जाहिरातदार मौन पाळतात.

कारण उघड आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळता, नव्या कर्मचाऱ्यांचे निश्चित निवृत्तिवेतन काढून घेतले. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून तोच कित्ता गिरविला. भविष्यनिर्वाह निधीला जोडलेल्या योजनेत खाजगी क्षेत्रातील कामगाराचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये ठरले, तेही दरमहा १,००० रुपये! पुढे दहा वर्षे उलटली तरी हा आकडा हलला नाही. हजार रुपयांत म्हातारपण निभत नाही, म्हणूनच कामगार शेअरबाजाराच्या दारात उभा राहतो. या अगतिकतेला निवडीचे स्वातंत्र्य म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

‘गुंतवणूकदाराने अभ्यास करावा’ असा शहाजोग सल्ला दिला जातो. १९६४ साली सुरू झालेल्या ‘युनिट ६४’ योजनेत निवृत्तांनी आणि लहान बचतदारांनी सरकारी संस्थेवरील विश्वासाने पैसे ठेवले. जुलै २००१ मध्ये त्या युनिटांची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी स्थगित झाली. तत्पूर्वीच्या दोन महिन्यांत बड्या कंपन्यांनी मात्र आपल्या रकमा मोठ्या प्रमाणावर काढून घेतल्या होत्या. कोणता अभ्यास केला असता म्हणजे निवृत्त शिक्षकाला तो सुगावा लागला असता?

दुसरी लूट अधिक शांतपणे चालते. दरमहा १,००० रुपये तीस वर्षे भरले आणि वार्षिक दहा टक्के वाढ धरली, तर सुमारे २२ लाख ६० हजार रुपये होतात. खर्च आणि दलालीपोटी दरसाल एकच टक्का कापला गेला, तर हाती येतात सुमारे १८ लाख ३० हजार. फरक ४ लाख ३० हजारांचा! कामगाराने स्वतः भरलेली रक्कम होती ३ लाख ६० हजार. म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या बचतीहून अधिक रक्कम ‘फक्त एक टक्का’ या गोंडस शब्दांत नाहीशी होते. आणि बाजार दहा टक्के देईलच, याची हमी कोणीही देत नाही.

आपल्यातील काही साथी म्हणतात, भांडवलशाहीच्या या जुगारात कामगाराला सल्ला देणे हे आपले काम नव्हे. ही भूमिका तत्त्वनिष्ठ दिसते. प्रत्यक्षात ती कामगाराला दलालाच्या हवाली करते. किमान वेतनासाठी लढताना आपण वजनकाट्याची फसवणूक खपवून घेतो काय? म्हणून कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगावे: अडीअडचणीची रक्कम आणि भविष्यनिर्वाह निधी यांना हात लावू नये. विमा आणि गुंतवणूक यांची मोट बांधू नये. फंड घ्यावयाचाच असेल तर गतवर्षीच्या नफ्याला भुलू नये. खर्चाचे प्रमाण आधी पाहावे. निर्देशांकामागे जाणारा, कमी खर्चाचा साधा फंड पुरेसा आहे. २०१३ पासून प्रत्येक फंडाची ‘डायरेक्ट’ योजना मिळते; तीत दलालाचा वाटा नसतो. निवृत्ती पाच-सात वर्षांवर आली की समभागांतील रक्कम क्रमाक्रमाने कमी करावी.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे पराभव मान्य करणे होय. निवृत्तिवेतनाची हमी परवडत नाही असे वीस वर्षे सांगितले गेले. १४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले. देशभर हीच मागणी उठली. एप्रिल २०२५ पासून केंद्रानेच आपल्या कर्मचाऱ्यांना, पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर, सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी देणारा पर्याय खुला केला. ही जुनी योजना नव्हे. पण तिजोरी तीच होती, बदलले ते संघटित दडपण. संघटितांना हमी आणि असंघटितांना जाहिरात, हा न्याय आपणास मान्य नाही. फंड कोणता, याचे उत्तर कामगाराला जरूर द्यावे. परंतु निवृत्तिवेतन कुठे गेले, हा प्रश्न सरकारला विचारल्यावाचून राहू नये.